उघड्या दारांची गाडी

१

झेनोन कुलेशा रविवारी सकाळी स्वतःच्याच ट्रेलरमध्ये मेलेला सापडला. मागची दोन्ही दारं सताड उघडी होती, एका बाजूची ताडपत्री माणसाच्या उंचीएवढी फाडलेली होती, आणि आत माल म्हणून काही उरलं नव्हतं. होता तो फक्त झेनोन, फळ्यांवर पालथा, डोक्यात मागून घातलेल्या लोखंडी दांड्याचा घाव. पायात चपला होत्या.

मला फोन आला तेव्हा माझं कोंबडीचं सूप शिजत होतं. रविवारी आमच्याकडे सूप नसलं की माझा नवरा तोंड फुगवून बसतो. त्याला म्हटलं, आज शेवया तूच टाक, आणि गाडी काढली. विमा कंपन्या मला अशाच वेळी बोलावतात. मालाची चोरी झाली म्हणतात तिथे जायचं आणि खरंच झाली का ते हुंगून यायचं, हे माझं काम. त्याआधी मी नवऱ्याबरोबर अर्धा युरोप ट्रक हाकला आहे. त्याची कंबर गेली आणि माझं तोंड सुटलं, म्हणून हा धंदा.

आमच्या पोलिश हद्दीतून नदी ओलांडून जर्मनीत शिरलं की पहिलंच मोठं पार्किंग. रविवारी तिथे मालाच्या ट्रकना रस्ता बंद असतो, त्यामुळे शनिवारी रात्री जो तिथे थांबला तो रविवार रात्रीपर्यंत अडकला. गाड्या एकमेकींना खेटून उभ्या, मधे मधे पावसाची झड, ड्रायव्हर खिडक्यांतून बघत बसलेले. कुणी खाली उतरत नव्हतं.

इन्स्पेक्टर टीलमानला सडकून सर्दी झाली होती. "बरं झालं आलात," तो नाक पुसत म्हणाला. "माझा पोलिश दुभाषी उद्या मिळणार. आणि आज रात्री बंदी उठली की हे सगळे चार दिशांना पांगणार. मग मी कुणाला विचारू?"

"आतापर्यंत काय मिळालं?"

"पाच छोट्या कारखान्यांचा एकत्र माल होता. नळ, दिवे, सायकली, हत्यारं, खुर्च्या. सगळा गेला. मागच्या दारांचं सील तुटलेलं मिळालं, पण कुठे? मयताच्या केबिनमध्ये, चहाच्या कपाशेजारी. म्हणजे ते त्यानेच तोडलं. रात्री आवाज झाला तर हे लोक केबिनची दारं आतून पट्ट्यांनी बांधून गप्प पडून राहतात ना? हा मात्र चपला घालून खाली उतरला. म्हणजे येणारा ओळखीचा. त्याचा जावई याच कंपनीत ड्रायव्हर आहे, याच पार्किंगमध्ये थांबला होता. संध्याकाळी कँटीनमध्ये दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. सकाळी प्रेत त्यालाच 'सापडलं', दोन्ही हात रक्ताने भरलेले."

"म्हणजे दोघांनी मिळून चोरांना माल दिला आणि वाटणीवरून जावयाने सासऱ्याला मारलं?"

"संध्याकाळपर्यंत दुसरं काही हाती आलं नाही तर जावयाला खुनासाठी आत घेतो. आणि सासरा मेला तरी चोरच ठरणार."

२

जावयाचं नाव रेमेक. पोलिसांच्या गाडीत मागच्या बाकावर बसला होता. हात धुतलेले होते, पण नखांत लाल राहिलं होतं.

"मारलंस का?" मी सरळच विचारलं.

"बाई, मी त्यांच्या हाताखाली गाडी शिकलो. उलटी लावता येत नव्हती तेव्हा टपली मारायचे, तेवढीच काय ती मारामारी." तो नखांतलं लाल खरवडू लागला. "मी त्यांना उचलायला गेलो. वाटलं, जिवंत असतील."

"भांडलात कशावरून?"

"घरचं."

"घरचं म्हणजे?"

"घरचं म्हणजे घरचं. तुम्ही काय माझ्या सासूबाई आहात?"

"त्या असत्या तर आतापर्यंत कानाखाली बसली असती. हे लोक तुला खुनी ठरवायला निघालेत, आणि तू माझ्यापुढे मिजास करतोस?"

त्याने मान खाली घातली, पण भांडणाचं कारण काही सांगितलं नाही. बाकीचं सांगितलं. तो शनिवारी उशिरा पोचला. कुठेच जागा नव्हती, फक्त अगदी टोकाला, झाडांखाली, जिथला दिवा बंद पडला आहे तिथे एक जागा रिकामी होती. तिथे त्याने गाडी घुसवली. झेनोनची गाडी कँटीनसमोर मधल्या रांगेत होती, पण रेमेक तिकडे गेलाच नाही. कँटीनमध्ये भेटले, भांडले, आणि हा पाय आपटत आपल्या केबिनमध्ये जाऊन झोपला. उजाडल्यावर मन खाऊ लागलं म्हणून दोन कॉफ्या घेऊन गेला.

"तेव्हा सासऱ्यांच्या गाडीच्या आजूबाजूला कोण होतं?"

"एका बाजूला तो बल्गेरियन, अजून आहे. दुसरी बाजू मोकळी होती."

मी उठले तशी त्याने माझी बाही धरली. "बाई, माझ्या बायकोला, ओतिलियाला, कुणी फोन केला का? ती पोटुशी आहे. मी तुरुंगात गेलो हे ती सहन करेल. पण बाबा चोर होते असं तिला कुणी सांगितलं तर ती उभी राहायची नाही."

"मग तिच्यासाठी तरी सांग, काय बोलणं झालं."

"ते तर तिला मुळीच कळता कामा नये," तो म्हणाला आणि तोंड फिरवून बसला.

३

कंपनीचा मालक इरेनेउश पालूख कँटीनमध्ये रडत होता. धिप्पाड माणूस, हाताचे पंजे थाळीएवढे. एकेकाळी स्वतः ट्रक चालवायचा. मोठ्या कंपन्या ज्यांना दारात उभं करत नाहीत अशा छोट्या कारखानदारांचा माल गोळा करून युरोपभर पोचवायचा, म्हणून आमच्या भागात त्याला मान होता. मीही त्याला ओळखत होते. कुणाच्या लग्नाला गेला की पाकीट जाड द्यायचा.

"माझा उजवा हात गेला हो, बोग्नाबाई," तो म्हणाला. "माल माझ्या डोळ्यांदेखत भरला. सील मी या हातांनी लावलं. आणि हे हरामखोर... कापडाची भिंत ती, सुरी लावली की फाटते. आणि शेजारी त्या थंड मालाच्या गाडीचं फ्रिज रात्रभर घुरघुरतंय, तिथे बिचाऱ्याने हाक मारली तरी कुणाला ऐकू जाणार?"

"रेमेकवर संशय आहे तुमचा?"

"माझ्या तोंडून वदवू नका. पोर चांगलं होतं. पण घर बांधायला काढलंय, वर बाळ येणार. माणसाची मती फिरते." त्याने रुमालात नाक शिंकरलं. "मी झेनोनच्या बायकोला काय तोंड दाखवू?"

"तुम्ही रात्री कुठे होता?"

"घरी, कुठे असणार? सकाळी किंगाचा फोन आला आणि तसाच निघालो, दाढीसुद्धा केली नाही."

किंगा म्हणजे त्याच्या ऑफिसातली, कोणती गाडी कुठे जाणार हे ठरवणारी. ती बाहेर छपराखाली सिगरेटमागून सिगरेट ओढत होती. गाडीत काय आहे, ती कुठे थांबणार, सगळं तिला ठाऊक. चोरांना टीप द्यायला तिच्याइतकी सोयीची बाई नाही, हे तिलाही कळत होतं.

"माझ्याकडे असं बघू नका," ती म्हणाली. "मी शनिवारी कामावरच नव्हते. मालकांनी सुट्टी दिली. कधी नव्हे ते म्हणाले, जा, माल मी भरून घेतो. मी घरून फक्त झेनोनला निरोप पाठवला."

"काय निरोप?"

"मालकांनी सांगितला तोच. टोकाला झाडांखाली जागा आहे, तिथे लाव, झोप चांगली लागते म्हणून."

"पण त्याने तर मधल्या रांगेत लावली."

"तिथे जागा नसेल राहिली."

ती जागा रेमेक आला तेव्हाही रिकामी होती, आणि रेमेक तर झेनोनच्या मागून आला.

"सकाळी मालकांना फोन केलास तेव्हा काय म्हणाले?"

"काय म्हणणार? पहिल्याच रिंगला उचलला." किंगा थबकली. सिगरेट तोंडाकडे नेता नेता हात तसाच राहिला. "एरवी रविवारी चर्चची घंटा वाजेपर्यंत त्यांची बायकोसुद्धा त्यांना उठवू शकत नाही."

४

मग मी गाडी बघायला गेले.

ताडपत्री ज्या बाजूची फाडली होती ती बाजू मोकळी होती, म्हणून पोलिसांनी तिचे हवे तेवढे फोटो काढले होते. मी चष्मा लावून फाटलेल्या कडा चाचपल्या. मेणकापड कापलं की सुरी ज्या दिशेने जाते तिकडे धागे बाहेर येतात. हे धागे माझ्याकडे आले होते, रस्त्यावर उभं राहणाऱ्याकडे. म्हणजे कापणारा आत उभा होता.

"टीलमानसाहेब," मी हाक मारली, "चोर ताडपत्री कशाला फाडतात?"

"आत काय माल आहे ते बघायला."

"मग रिकाम्या गाडीतून बाहेर बघायला कोण फाडतं?"

तो जवळ आला. "दारातून आत शिरून, माल काढून मग..."

"माल काढल्यावर फाडून काय मिळणार होतं? आणि माल असताना आत उभं कुठे राहणार? पाच कारखान्यांची खोकी छतापर्यंत रचलेली होती म्हणे."

तो शिंकला आणि वाकून फाटलेल्या कडा बघू लागला. मी दुसऱ्या बाजूला गेले. तिथे बल्गेरियनची गाडी इतकी खेटून होती की मला पोट आत ओढून आडवं सरकावं लागलं. माझं पोट काही लहान नाही. त्याच्या ट्रेलरची शेपटी झेनोनच्या ट्रेलरपेक्षा दोन हात मागे आली होती. आणि झेनोनचं त्या बाजूचं दार पूर्ण वळून त्याच्याच ट्रेलरच्या कडेला टेकलं होतं. खालचा आकडा नीट अडकवलेला होता, वाऱ्याने आपटू नये म्हणून अडकवतात तसा.

मी आकडा काढला आणि दार ओढलं. ते वीतभर हललं आणि बल्गेरियनच्या गाडीवर आपटलं. पुन्हा ओढलं, पुन्हा तेच.

"काय करताय?" टीलमान मागून ओरडला.

"बंद करून बघतेय. होत नाही. आणि जे बंद होत नाही ते उघडणारही नाही. दाराचा पल्ला अर्ध्या गाडीएवढा रुंद आहे, साहेब. ही शेजारची गाडी इथे असताना तो फिरायला जागाच नाही."

"मग रात्री चोरांनी दार उघडलं कसं?"

"उघडलंच नाही. हा शेजारी येऊन उभा राहिला, त्याच्याआधीपासून ते उघडं होतं."

५

बल्गेरियनचं नाव स्टोयान. गाडीच्या पोटातली पेटी उघडून, आडोशाला बसून, गॅसच्या शेगडीवर घेवड्याची उसळ ढवळत होता. मला बघून त्याने झाकण ठेवलं.

"मी पोलिसांना सांगितलं, मावशी. रात्री काही पाहिलं नाही, काही ऐकलं नाही."

"मी पोलीस नाही. आणि मी रात्रीचं विचारतच नाही. संध्याकाळचं सांग. तू आलास तेव्हा याची दारं कशी होती?"

तो माझ्याकडे बघत राहिला, मी खुळी आहे की काय अशा नजरेने. "उघडी होती. रिकाम्या गाडीची दारं कशी असतात?"

हे त्याला सांगायची गरज नव्हती आणि मलाही नाही. तुम्हाला सांगते. आमच्यात रिवाज आहे: गाडी रिकामी असली की रात्री मागची दारं उघडून आकड्याला लावून ठेवायची. चोराने यावं, बघावं, आत काही नाही म्हणून पुढे जावं. नाहीतर तो काय आहे ते बघायला ताडपत्री फाडतो, आणि भुर्दंड ड्रायव्हरच्या पगारातून जातो. भरल्या गाडीची दारं कुणी उघडी टाकत नाही. रांगेत उघडी दारं दिसली की प्रत्येक ड्रायव्हर समजतो, ही रिकामी.

"मग हे पोलिसांना का नाही सांगितलंस? ते तर म्हणतायत, माल रात्री चोरीला गेला."

"त्यांनी विचारलं, रात्री काय पाहिलं? मी खरं तेच सांगितलं. मी म्हटलं, आपल्याला काय करायचंय?" त्याने उसळ उगाच ढवळली. "झेनोननेच हात दाखवून मला आत घेतलं. मी म्हटलं, दादा, जागा फार कमी आहे, तुझं दार अडकेल. म्हणाला, अडकू दे, ये, अजून जवळ ये."

"अजून जवळ ये म्हणाला?"

"हो. मला तेव्हाही नवल वाटलं."

"आणि पलीकडे कोण होतं? आता मोकळं आहे तिथे."

"स्पॅनिश होता. भाजीपाला घेऊन. त्याचं फ्रिज डोक्यावर रात्रभर घुर्र घुर्र. डोळ्याला डोळा लागला नाही माझ्या. नाशवंत मालाला रविवारी सूट असते ना, तो अंधारातच निघून गेला. तेव्हा कुठे झोप लागली."

मी शेगडीजवळ बसले. "स्टोयान, हे सगळं इन्स्पेक्टरसमोर बोलशील?"

"नाही."

"एक पोरगा खुनी ठरतोय."

"आणि माझी पोरं? मावशी, माझ्या तास मोजायच्या यंत्रात दुसऱ्याचं कार्ड आहे. माझे कायद्याने चालवायचे तास कधीच संपलेत. मालक म्हणतो, दुसरं कार्ड घाल आणि चालव, नाहीतर घरी बस. मी जबाब दिला की पोलीस पहिली माझी गाडी तपासणार. माझं लायसन गेलं तर कोण खायला घालणार?" त्याने शेगडी बंद केली. "मेलेला तर परत येणार नाही."

मी त्याला शिव्या देऊ शकले असते, पण दिल्या नाहीत. त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं हे मला नक्की माहीत नव्हतं.

६

कँटीनच्या मागच्या टेबलाशी टीलमानने पालूख आणि किंगाला बसवलं. मी जर्मनमध्ये एकदा आणि पोलिशमध्ये एकदा असं बोलत होते. दोन भाषांत तेच सांगताना माणसाचे चेहरे निवांत बघता येतात.

"गाडी संध्याकाळीच रिकामी होती," मी म्हटलं. "शेजारची गाडी येऊन खेटायच्या आधीच झेनोनने स्वतः दारं उघडली, नंतर ती उघडलीच नसती. सील त्यानेच तोडलं, कारण दारं उघडायला ते तोडावंच लागतं. चोरांशी त्याचा संबंध नाही, कारण चोर नव्हतेच. माल पार्किंगमध्ये पोचलाच नाही. आता माल भरताना हजर कोण होतं? किंगाला सुट्टी, रेमेक दुसऱ्या गावी. पालूखसाहेब, तुम्ही म्हणालात, सील तुम्ही या हातांनी लावलं."

"लावलंच!" पालूखने टेबलावर मूठ आपटली. "मेलेल्या माणसावर आळ घेता? दारं त्याने संध्याकाळी उघडली म्हणे! कोण म्हणतं? पुरावा काय? रात्री त्या गाड्या हलल्या नसतील कशावरून? आणा ना समोर कुणी, ज्याने पाहिलं!"

माझ्याकडे आणायला कुणी नव्हतं. टीलमानने माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. पालूख खुर्चीत मागे रेलला. अश्रू केव्हाच वाळले होते.

तेवढ्यात दार ढकललं गेलं. स्टोयान आत आला. टोपी काढली, सरळ टेबलापाशी येऊन दोन ड्रायव्हर कार्डं टीलमानपुढे ठेवली.

"हे माझं, हे माझं नाही," तो मोडक्या जर्मनमध्ये म्हणाला. "याचं काय करायचं ते नंतर करा. आधी लिहून घ्या. मी आलो तेव्हा दारं उघडी होती, गाडी रिकामी होती. त्याने मला इतकं जवळ घेतलं की नंतर त्याचं दार लावताच येत नव्हतं. आणि माझी गाडी रात्रभर हलली नाही."

टीलमानने कार्डांकडे पाहिलं आणि कागद ओढला.

"आता मला एवढंच सांगा," मी पालूखला म्हटलं. "शेजारचं फ्रिज रात्रभर घुरघुरत होतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणतं फ्रिज?"

"तुम्हीच म्हणालात. हाक मारली तरी कुणाला ऐकू जाणार, असं. फ्रिजची गाडी रात्री खेटून होती, म्हणूनच ताडपत्री आतून फाडावी लागली; पण ती अंधारातच गेली. तुम्ही आलात तेव्हा ती बाजू मोकळी होती. रेमेकने पाहिलं तेव्हाही मोकळी होती. पोलिसांनाही तिचा पत्ता नव्हता. मला स्टोयानने सांगितलं, तेही तुमच्याशी बोलून झाल्यावर."

"पार्किंगमध्ये कुठे ना कुठे फ्रिज असतंच," पालूख म्हणाला.

"कुठे ना कुठे असतं. तुम्ही शेजारी म्हणालात."

किंगा खुर्ची सरकवून त्याच्यापासून लांब झाली. "म्हणून पहिल्या रिंगला उचललात," ती पुटपुटली. "तुम्ही झोपलाच नव्हता. देवा, आणि मी तुमच्याच गाडीतून इथे आले."

टीलमानने विचारलं, तुमच्या गाडीच्या डिक्कीचं झाकण आत्ता उघडून दाखवता का? पालूख जागचा हलला नाही. त्याचे ते थाळीएवढे पंजे टेबलावर पडून होते. मग तो बोलला, टीलमानशी नाही, माझ्याशी, जणू मी एक जुनी ड्रायव्हर आहे आणि मला तरी हे पटेल.

"मी त्याला म्हटलं, दार लाव. एवढंच म्हटलं. चार नळ आणि खुर्च्यांसाठी कुणी मरत नाही, विमा सगळ्यांना भरून देईल, कुणाचं काही जात नाही. तो म्हणाला, लागत नाही आता, अडकलंय. आणि हसला."

दांडा डिक्कीत चटईखाली मिळाला. पाच कारखान्यांचा माल दोन दिवसांनी एका भाड्याच्या गोदामात सापडला. खोकी फोडलेलीसुद्धा नव्हती.

७

पावसाची झड थांबली होती. रेमेकला सोडलं तेव्हा तो पोलिसांच्या गाडीच्या पायरीवर बसून राहिला. मी त्याच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. पालूखने झेनोनला रिकामी गाडी सील लावून दिली होती. टोकाला अंधारात उभी कर, रात्री मी ताडपत्री फाडतो, सकाळी तू चोरी झाली म्हणून ओरड, असं ठरवून.

"बाबा हो म्हणाले?" रेमेकने विचारलं.

"तोंडाने नाही म्हणाले नसतील. पण टोकाची जागा रिकामी असताना ते कँटीनच्या दिव्यांखाली थांबले. सील तोडलं, दोन्ही दारं उघडून ठेवली. आणि शेजाऱ्याला अजून जवळ, अजून जवळ म्हणत असं बसवलं की मालकाला दार लावताच येऊ नये. सगळ्या पार्किंगने पाहिलं की गाडी रिकामी आहे. मग चोरी झाली म्हणणार कशाची? सवयीने नाही उघडली ती दारं, रेमेक. ते चोर नव्हते. हे मी माझ्या अहवालात तसंच लिहिणार, आणि टीलमानही लिहिणार."

"मग सरळ पोलिसांकडे का नाही गेले?"

खरं म्हणजे मलाही तेच कळत नव्हतं. मग मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मला दिसलं की त्याला कळलंय.

"ते म्हणाले, सोमवारी सकाळी राजीनामा दे," तो म्हणाला. "का ते सांगेनात. म्हणाले, आधी तू त्या माणसाच्या हाताखालून बाहेर पड, मग माझं मी बघतो. मी म्हटलं, घराचं छप्पर अजून चढलं नाही, बाळ येतंय, तुम्हाला म्हातारचळ लागलाय. सगळ्या कँटीनसमोर म्हटलं. म्हटलं, तुमच्या लहरीपायी मी माझं पोर उपाशी ठेवणार नाही."

त्याचा फोन वाजला. ओतिलिया. त्याने माझ्याकडे पाहिलं, घ्या ना तुम्ही, अशा डोळ्यांनी. मी मानेनेच नाही म्हटलं. त्याने फोन कानाला लावला.

"हो, सोडलं मला... नाही, नाही, बाबा चोर नव्हते. अजिबात नव्हते. पालूखने... हो. नंतर सांगतो सगळं." तो ऐकत राहिला. तिचा आवाज मला येत होता, शब्द कळत नव्हते. मग तिने काहीतरी विचारलं आणि त्याचे डोळे मिटले.

"कशावरून भांडलो?" तो म्हणाला.

मला वाटलं, तो पुन्हा 'घरचं' म्हणेल. मी असते तर म्हटलं असतं.

"त्यांनी मला नोकरी सोडायला सांगितली, ओती. मी हो म्हटलं असतं तर ते काल रात्रीच पोलिसांकडे गेले असते. मी नाही म्हटलं."

पलीकडून काही आलं नाही. त्याने दोनदा तिचं नाव घेतलं. फोन बंद झाला नव्हता, पण कुणी बोलत नव्हतं. तो तसाच कानाशी धरून बसला आणि मी तिथून उठले.